गोरिलासमोर संकष्टी

जाऊ पडली तेव्हा गोरिला आमच्यापासून दोन बैलगाड्या मावतील एवढ्या अंतरावर बसून पाला ओरबाडत होता. धाडकन पडली नाही. आधी तिनं माझा दंड धरला, मग तिचा हात घसरत मनगटापर्यंत आला, मग ती माझ्या पायाशी पोतं ठेवावं तशी बसली आणि आडवी झाली. मी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळ घामानं थबथबलेलं, आणि घाम गार. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत ती नव्हती. मी हाक मारली, गाल थोपटले, मग सरळ चापट मारली. तिला चापट मारायची इच्छा मला चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळदा झाली होती. मारली ती त्या दिवशी, आणि तिला कळलंसुद्धा नाही.

तिचा मुलगा चार माणसांपलीकडं मोबाईलवर गोरिलाचं शूटिंग करत उभा होता. त्यानं वळून पाहिलं आणि "आई" म्हणून ओरडत तो आमच्याकडं धावला. तिथं ओरडायचं नाही, धावायचं नाही, हे आम्हाला सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं. गोरिलानं हातातला पाला टाकला आणि उठला. बसला होता तोवर तो नुसता मोठा होता. उठल्यावर त्याच्या मागचं झाडच दिसेना. त्यानं छाती बडवली. तो आवाज टीव्हीत ऐकू येतो तसा नसतो. रिकाम्या डब्यावर कुणी पटापट थापा माराव्यात, तसा पोकळ येतो. मग तो चारी पायांवर आला आणि सुटला. माझ्या पुतण्याच्या दिशेनं.

आमच्याबरोबर जंगलखात्याची एक बाई होती. हिरवा गणवेश, खांद्यावर बंदूक, वय असेल तिशीचं. तिनं बंदुकीला हात लावला नाही. पुतण्याची मान धरली आणि त्याला कोंबडी दाबावी तसा चिखलात दाबला. गोरिला त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

इथं मागं जावं लागेल, कारण जाऊ कशानं पडली हे मला माहीत होतं. त्या सगळ्या डोंगरावर एकट्या मलाच माहीत होतं.

मी चौथी शिकलेली बाई. पाचोडकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. आई सांगायची, पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या सुगीत तू झालीस. याहून जास्त तारीख कुणाला माहीत नाही. लग्न झालं, नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला आणि आम्ही शहरात गारखेड्याला राहायला आलो. मागोमाग दीर आला, त्याच्यामागं ही. आम्ही दोघी जावा आधी एका चुलीवर, मग दोन गॅसवर, आणि दोघींचे नवरे गेल्यावर पुन्हा एका गॅसवर. मला मूल नाही. तिला एक मुलगा. त्याला अर्धा मी वाढवला असं मी म्हणते. ती म्हणते, पाव.

हा मुलगा युगांडात, कंपालाला, बाटल्यांच्या कारखान्यात साहेब आहे. त्यानं आम्हाला दोघींना महिनाभर बोलावून घेतलं. तिथं गेल्यावर म्हणाला, इथल्या डोंगरात गोरिला आहेत, जगातून माणसं बघायला येतात, तुम्हाला नेतो. जाऊ म्हणाली, वेरूळला फुकट माकडं आहेत, त्यासाठी डोंगर कशाला चढायचा. मी मात्र लगेच हो म्हटलं. मी टीव्हीवर एकदा गोरिलाचा हात पाहिला होता. अंगठा, नखं, बोटांची पेरं, सगळं माणसाचं. त्या हातानं तो नर पिल्लाच्या अंगावरचं काहीतरी निवडून काढत होता. आमच्याकडं बापानं पोराच्या डोक्यातली ऊ काढलेली मी जन्मात पाहिली नाही. मला तो प्राणी बघायचा होता. मी नाही म्हटलं असतं तर जाऊ आनंदानं घरी बसली असती. मी हो म्हटल्यावर मात्र तिला मागं राहणं शक्यच नव्हतं. मी काही बघितलं आणि तिनं नाही, असं आमच्या घरात अजून झालेलं नाही.

पुतण्याची बायको पोरांच्या परीक्षांमुळं मागं राहिली. आम्ही तिघं निघालो. दिवसभर गाडी, मग डोंगराच्या पायथ्याशी एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात जायचं. आणि ती सकाळ संकष्टीची निघाली.

हे जाऊला घरूनच माहीत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर घडी करून पिशवीत घालून तिनं युगांडापर्यंत आणलं होतं. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याचा गोवर उलटला होता, तेव्हा तिनं गणपतीला बोलून ठेवलं होतं, पोरगा वाचला तर मरेपर्यंत संकष्टी करीन. पोरगा वाचला. गोळ्या घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दिल्या होत्या, त्याच्या नावानं कुणी उपास करत नाही. आता पोराला टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण हिची संकष्टी चालूच.

साखरेचा आजार झाल्यावर डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, उपास बंद. मुलानंही फोनवरून शपथा घातल्या. तिनं दोघांना हो म्हटलं आणि उपास चालू ठेवला. घरी तो निभायचाही. कारण घरच्या उपासात ती साखर घातलेला चहा पाच-सहा वेळा प्यायची. चहाला गणपतीची हरकत नसते, असं तिचं मत. सकाळी साखरेची गोळी, वर गोड चहा, आणि दिवसभर टीव्हीसमोर आडवी. गोळी म्हणजे अन्न नाही, तेव्हा गोळीनंही उपास मोडत नाही. असं तिचं सगळं शास्त्र जुळलेलं होतं.

त्या सकाळी जेवणघरात आम्ही बसलो. पुतण्या गाडीवाल्याशी बोलायला बाहेर गेला होता. वाढणाऱ्या माणसानं आमच्यासमोर पाव, ऑम्लेट, केळं ठेवलं आणि चहाची किटली. शेजारच्या टेबलावर एक गोरा म्हातारा बसला होता. त्यानं ज्या चमच्यानं ऑम्लेट कापलं, तोच चमचा साखरेच्या भांड्यात घातला. तेच भांडं नंतर आमच्या टेबलावर आलं. जाऊनं ते पाहिलं. ही बाई एरवी मटणाचं हाड फोडून आतला मगज ओढते, पण संकष्टीच्या दिवशी अंड्याचा चमचा लागलेली साखर तिला चालेना. बिनसाखरेचा चहा तर तिच्या मते गुरांना पाजायचा. तिनं किटली माझ्याकडं सरकवली. मग पाव सरकवला, मग ऑम्लेट, मग केळंही.

"केळं तर खा," मी म्हणाले. "केळं चालतं उपासाला."

"बाई, चंद्र दिसल्याशिवाय मी काई खात नाय, तुमाला म्हाईत हाय."

"इथला चंद्र की आपला?"

तिनं त्याचाही हिशोब करून ठेवला होता. आपल्याकडं चंद्र साडेनऊला उगवणार असं कॅलेंडरात दिलंय, आणि इथलं घड्याळ अडीच तास मागं, म्हणजे इथं सातलाच उपास सुटतो. गणपतीची एवढी भक्त बाई, पण अडीच तास त्याच्या खिशातून काढून घ्यायला तिला काही वाटलं नाही.

मग तिनं पाकिटातून गोळी काढली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात खायचंच, हे डॉक्टर सांगायला विसरला नव्हता. ही ऐकायला विसरली होती. तेवढ्यात पुतण्या आत आला आणि त्यानं विचारलं, आई, खाल्लंस का नीट? तिनं रिकामी बशी दाखवली. रिकामी होती, कारण तिचा पाव आणि ऑम्लेट मी खाल्लं होतं. केळंही.

मी काही बोलले नाही. जाऊनं डोळे वटारले म्हणून गप्प बसले, असं मी नंतर सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. तिच्या डोळ्यांना मी कधी भीक घातली नाही. खरं हे की मी बोलले असते तर पुतण्यानं तिला मुक्कामावर ठेवलं असतं, तिच्या सोबतीला मला ठेवलं असतं, आणि मला गोरिला दिसला नसता. एवढंच कारण.

जंगलाच्या तोंडाशी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. आम्ही तिघं, पाच गोरे, बंदूकवाली ती बाई, दोघं वाटाडे आणि आमच्या पिशव्या उचलणारे हमाल. पुतण्या आम्हाला मराठीत सांगत होता. गोरिलाजवळ गेल्यावर तोंडाला मास्क. दहा पावलांपेक्षा जवळ जायचं नाही. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. तो धावून आला तर पळायचं नाही, खाली बसायचं. त्याच्यासमोर खाणं काढायचं नाही. काठ्या आणि पिशव्या हमालांजवळ मागं ठेवायच्या. आणि कुणाला आजार असेल तर आत्ताच सांगा, कारण आपला खोकला त्यांना लागला तर ते मरतात. जाऊनं जोरात मान हलवली, मला काहीच नाही. मला वाटलं, गोरिलाला साखरेचा आजार थोडाच लागणार आहे.

मग त्यांनी म्हाताऱ्यांसाठी एक खुर्ची दाखवली. दोन बाजूंना दांडे, चार माणसं खांद्यावर घेतात. तिकडं त्याला गमतीनं हेलिकॉप्टर म्हणतात. पुतण्या म्हणाला, तुम्ही दोघी बसा, मी दोन सांगतो. जाऊ म्हणाली, जिवंत असताना चौघांच्या खांद्यावर मी जाणार नाही. मीही नाही म्हणाले. आम्ही मेंढरांमागं डोंगर पालथे घातलेल्या, आम्हाला कोण उचलणार. खरं तर मेंढरांमागं मी गेले होते. ती लग्नाआधी पैठणला मामाच्या किराणा दुकानात वाढलेली. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

मुंग्या चढू नयेत म्हणून पँट मोज्यात खोचायची होती. निघताना औरंगपुऱ्याच्या बाजारातून आम्ही बूट घेतले होते, पँटी पुतण्यानं आणल्या होत्या. मी लुगडं मुक्कामावर सोडून पँट घातली आणि मला रागच आला. इतकी सोयीची वस्तू पुरुषांनी एवढी वर्षं स्वतःपाशी ठेवली. जाऊनं पँटीवर पातळ नेसून ते मोज्यात खोचलं. पाठीमागून ती बांधलेल्या गाठोड्यासारखी दिसत होती. गोरे तिचे फोटो काढत होते आणि ती दर वेळी पदर सारखा करत होती.

चढ म्हणजे वाट नव्हतीच. पुढचा वाटाड्या कोयत्यानं वेली तोडत जायचा, आम्ही मागून. खाली ओला पाला, त्याखाली अजून पाला, पाय ठेवला की गुडघ्याएवढा आत. हवेत कुजलेल्या वैरणीचा वास. एक हमाल जाऊचा हात धरून ओढत होता, दुसरा मागून रेटत होता. एवढ्या पुरुषांनी हात लावलेला तिच्या आयुष्यातला तो पहिला दिवस, पण तिनं तक्रार केली नाही. पहिला तासभर ती बोलत होती. माझ्या पँटीवर बोलली, पुतण्याच्या पोटावर बोलली. दुसऱ्या तासाला गप्प झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हा कळायला हवं होतं. ती बाई दम लागला म्हणून गप्प बसणारी नाही.

एकदा थांबलो तेव्हा तिचे हात थरथरत होते. मी म्हणाले, काहीतरी खा आता, पिशवीत बिस्किटं आहेत. ती म्हणाली, "तुमी खा. तुमाला कुठं काय पाळायचं असतं." मला राग आला. मीही म्हणाले नाही पुन्हा. तो राग किती वेळ टिकला असेल? अर्धा तास. तेवढ्यात वाटाड्याच्या वायरलेसवर निरोप आला की कळप सापडला. काठ्या, पिशव्या हमालांजवळ ठेवल्या, मास्क लावले आणि शेवटचे पन्नास-साठ हात आम्ही एकामागून एक चालत गेलो.

आणि मग दिसला. वेली दाबून केलेल्या जागेत बसला होता, पोट पुढं, एक हात गुडघ्यावर, पाठ पांढरी. हुबेहूब माझे सासरे, जेवण झाल्यावर ओसरीवर बसायचे तसे. आजूबाजूला बायका-पोरं खात होती आणि तो कुणाकडं बघत नव्हता, पण सगळे त्याच्याकडं बघून खात होते. दोन माद्या एकमेकींना पाठ करून बसल्या होत्या. जावा असतील. जाऊनं त्याला हात जोडले. शनिवार असता तर तेलही घातलं असतं. मला त्याचा हात बघायचा होता. त्यानं एक फांदी घेतली, दातांत धरून साल ओढली आणि उरलेली काडी अलगद बाजूला ठेवली. टाकली नाही, ठेवली. मी ते पाहत होते आणि माझा दंड कुणीतरी धरला.

पुढचं सांगितलंय. तर, गोरिला माझ्या पुतण्यापासून हातभर अंतरावर उभा, पुतण्या चिखलात तोंड खुपसून, आणि जाऊ माझ्या मांडीवर गार पडत चाललेली. सगळे गोरे उकिडवे बसून मान खाली घालून. बंदूकवाली बाई घशातून एक आवाज काढत होती, जड, खाकरल्यासारखा, हम्म, हम्म. तो मला ओळखीचा वाटला. एडका बिथरला की माझा बाप असाच खाकरायचा. मी इथंच आहे, मला तुझं काही नको, असं त्याला सांगायचं असतं. गोरिलानं जमिनीवर एक थाप मारली. थाप माझ्या बुडाखालच्या मातीत लागली.

जाऊचा श्वास वरवर चालला होता. तिचे दात एकमेकांवर बसले होते. अडलेली मेंढी विते आणि नंतर उठत नाही, मान टाकते, ती वेळ मी ओळखते. त्यानंतर फार थांबत नाहीत. माझ्या कमरेला चंची होती. पिशव्या मागं ठेवायच्या हे मी ऐकलं होतं, पण चंची ही पिशवी नाही. आत तंबाखू, चुना, सुपारी आणि गुळाचा एक खडा. मेंढरांत असल्यापासून गूळ जवळ ठेवायची सवय आहे. मेंढी उठली नाही की गूळच देतात. मी चंची सोडली.

बंदूकवाल्या बाईनं ते पाहिलं आणि जागेवरूनच हात हलवून मला नको नको म्हणाली. पुतण्यानं चिखलातून तोंड न उचलता कुजबुजत सांगितलं, "मोठ्याई, खाणं काढू नको. तो येईल."

"येऊ दे," मी म्हणाले. "एकच खडा आहे. त्याला उरायचा नाही."

गूळ दातांनी फोडला, चावून ओला केला आणि बोटानं तिच्या ओठांच्या आत, हिरड्यांवर चोळला. घशात नाही घालायचा, बेशुद्धाला घशात घातलं की ते फुप्फुसात जातं. मेंढ्यांनी शिकवलेलं आहे हे. दात घट्ट होते, गालाच्या आत जेवढं बोट जाईल तेवढं घातलं. पुन्हा चावला, पुन्हा चोळला. माझा मास्क केव्हाच गळ्यात आला होता. तिनं माझं बोट चावलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं काही केलं नाही.

आणि गोरिला वळून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं, पण बघितलं. विटकरी रंगाचे, लहान, थकलेले डोळे. तो माझ्याकडं बघत होता की गुळाकडं, सांगता येत नाही. बाई खाकरत होती, हम्म, हम्म. मीही खाकरले. बापानं शिकवलं होतं तसं. माझं बोट जाऊच्या गालात, आणि मी जंगलातल्या नराशी खाकरून बोलतेय, असं ते चित्र होतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तो खाली बसला. बसताना एक हात टेकला, दुसऱ्यानं शेजारची वेल ओढून घेतली, आणि बसता बसता पादला.

थोडाथोडका नाही. दिवसभर पाला खाणारं जनावर ते, त्याचा आवाज जातिवंत होता, आणि लांबला. मग वास आला. मास्क असलेल्यांनाही आला, कारण एका गोरीण बाईनं मास्कवरून हात दाबला. मला तर काहीच आडोसा नव्हता.

माझ्या मांडीवर जाऊचं नाक हललं. कपाळावर आठी पडली. डोळे अजून मिटलेले, जीभ जड, पण शब्द स्पष्ट होते.

"बाई, तुमी पादल्या का?"

मी आयुष्यात पुष्कळ आरोप ऐकलेत तिच्याकडून. त्या एकाचा मला आनंद झाला. मी म्हणाले, हो, मीच. तो चिखलात पडलेला चाळिशीचा पोरगा रडत होता की हसत होता, मला मागून कळलं नाही, पण त्याची पाठ हलत होती आणि जंगलवाली बाई त्याला दाबून धरून होती.

गोरिला खात बसला, तेव्हा आम्हाला इंचाइंचानं मागं आणलं. जाऊला दोघांनी ओढली. हमालांजवळ पोहोचल्यावर पिशवीतली बिस्किटं, कुणा गोऱ्याचं चॉकलेट, गोड शीतपेय, जे होतं ते तिच्या तोंडात घातलं. ती गिळत गेली, आणि जसं डोकं जाग्यावर आलं तशी तिला जिभेवरची चव लागली.

"माझा उपास मोडला तुमी."

"गूळ चालतो उपासाला."

"त्येला तंबाखूचा वास येतोय. माझ्या तोंडात तंबाखू घातला संकष्टीला." मग ती आपल्या मुलाकडं वळली. तो चिखलानं माखलेला, चष्म्याची एक काच गेलेली, तिच्या पायाशी बसला होता. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, हाताला चिखल लागला तो त्याच्याच शर्टाला पुसला, आणि मला म्हणाली, "पोरासाठी धरते उपास. मोडला आन् ह्यो जनावराच्या तोंडाशी गेला. आता कळलं?"

उलटं होतं. आधी तो गेला, मग उपास मोडला. मी तिला समजावायला गेले नाही.

खाली न्यायला ती खुर्ची मागवली. ती यायला तासभर लागला. जाऊ बसायला तयार नव्हती, मग पाय चालेनात म्हणून बसली, आणि अर्ध्या वाटेवर मला वरून विचारलं, बूट चावतायत का. चौघं तिला उचलून उतरत होते आणि ती त्यांना मराठीत वाट सांगत होती. मी मागून चालत आले, एका हमालाचा हात धरून. गुडघे गेले होते, पण ते काही महत्त्वाचं नाही.

पायथ्याच्या दवाखान्यात नर्सनं तिच्या बोटाला टोचलं, सलाईन लावलं आणि ही सकाळी काय काय जेवली होती, ते विचारलं. पुतण्यानं इंग्रजीत सांगितलं, पाव, ऑम्लेट, केळं. नर्सनं मान हलवली, असं होणार नाही म्हणाली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. जाऊ डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. मला तिचं झोपणं ओळखता येतं.

"मोठ्याई, तिनं सकाळी खाल्लं होतं ना?"

"नाही. मी खाल्लं."

"तुला माहीत होतं? गोळीसुद्धा?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला गोरिला बघायचा होता," मी म्हणाले.

तो बाहेर निघून गेला. कंपालाला परत येईपर्यंत, दिवसभराच्या गाडीत, तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. खिडकीतून चहाचे मळे गेले, केळीच्या बागा गेल्या. मी बघत बसले. तो बरोबर होता. त्याच्या जागी मी असते तर मला वाटेतच उतरवलं असतं. जाऊनं मध्ये एकदा त्याला सांगून पाहिलं, मीच बाईंना गप्प केलं होतं. त्याला ते खोटं आहे हे कळलं असणार. मला कुणी गप्प केल्याचं त्यानंही कधी पाहिलेलं नाही. पण तिनं माझ्यासाठी खोटं बोलायची ती पहिली वेळ, म्हणून मी बाहेरच बघत राहिले.

घरी पोहोचल्यावर त्यानं तिच्या गोळ्या, पाकीट, कॅलेंडर सगळं काढून घेतलं. कॅलेंडर तिनं रात्रीच्या आत परत मिळवलं. सून माझ्याशी पाहुणीशी वागावं तशी नीट वागली, म्हणजे तिला सगळं सांगितलेलं होतं. तो चौथ्या दिवशी माझ्याशी बोलला. चहा घेणार का, एवढंच. मी घेईन म्हणाले.

हल्ली गारखेड्यात संकष्टीला मी सकाळी तिच्यासमोर बसून तिला एक केळं खायला लावते. ती मला शिव्या देत खाते. बाकी उपास चालू आहे, चंद्र बघूनच सोडते. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी पुतण्याचा फोन आला. तो मोठा नर मेला. दुसऱ्या एका नरानं अंगावर येऊन त्याला फाडला आणि तो आठवडाभरानं जंगलातच पडला, असं तिथल्या माणसांनी त्याला कळवलं. मी जाऊला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, बरा होता.

आम्ही तिघं गेलो होतो. तिघंही आहोत.